आधी पोट, मग पथ्य: किडनीच्या आजारातल्या लेकराचं जेवण आणि वाढ

आजोबांच्या डायलिसिसच्या फाईलमधला आहाराचा कागद घरात जपून ठेवलेला असतो. दूध बंद, डाळ कमी, मीठ बंद, फळं बंद, पाणी दिवसाला एक लिटर. पुढे कधी सहा वर्षांच्या नातवाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं निघतं आणि तोच कागद स्वयंपाकघरात खिळ्याला अडकतो. तीन महिन्यांनी लेकरू तपासणीला येतं तेव्हा किडनी आहे तिथेच असते आणि वजन दीड किलोनं उतरलेलं असतं. "पथ्य बरोबर पाळलं जी मॅडम, एक दिवस मोडलं नाही," आई सांगते. ती खरंच सांगत असते, म्हणून तर वाईट वाटतं.

आहारतज्ज्ञ म्हणून वर्धा-यवतमाळकडच्या गावांतल्या अशा मुलांचे ताट मी बघत आले आहे. मोठ्यांचं पथ्य लेकराला लावायचं नाही, ही माझी पहिली सूचना असते. साठ वर्षांच्या माणसाला आता उंच व्हायचं नाही, लेकराला व्हायचं आहे. पहिल्यांदा पोटभर खायला घालायचं. एखादी गोष्ट कमी करायची ती रक्ताच्या रिपोर्टनं सांगितली तरच, आणि सांगितली तेवढीच.

वाढ का थांबते

मुलांमध्ये किडनीचा दीर्घ आजार बऱ्याचदा जन्मापासूनचा असतो. किडनी लहान किंवा अर्धवट घडलेली असते, मुलग्यांमध्ये लघवीच्या नळीत पडदा असतो, किंवा लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते. काहींना अंगावर सूज आणणारा नेफ्रोटिक सिंड्रोमसारखा आजार असतो, त्यात स्टेरॉइडही उंची रोखतं. किडनी मागे पडली की रक्तात आम्ल साठतं, ते हाडं झिजवतं आणि स्नायू तोडतं. रक्त कमी होतं. व्हिटॅमिन डी कामाच्या रूपात तयार होत नाही, पाय वाकायला लागतात. काही मुलांच्या लघवीवाटे मीठ वाहून जातं, आणि मीठ कमी पडलं की लेकरू वाढत नाही. वाढीचं हार्मोन अंगात असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही. या सगळ्यांवर कडी म्हणजे भूक मरते, तोंडाची चव जाते, सकाळी मळमळतं.

यातल्या बहुतेक गोष्टींवर औषध आहे. भुकेवर मात्र घरातच उपाय करावा लागतो.

पहिलं काम: भिंतीवर खूण

घरातली एक सरळ भिंत निवडा. लेकराला अनवाणी उभं करा, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पाटी आडवी ठेवून पेन्सिलनं खूण करा आणि तारीख लिहा. दर तीन महिन्यांनी हेच करायचं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात, ती अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दर महिन्याला मोजून घ्या.

निरोगी बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२, त्यानंतर चार वर्षांचं होईपर्यंत वर्षाला ७ ते ८, आणि पुढे वयात येईपर्यंत ५ ते ६. तुमच्या भिंतीवर वर्षभरात ३ सेंटिमीटरच चढले असतील तर "आमच्या घरात सगळेच बुटके" म्हणून सोडून देऊ नका. पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीतला आलेख आणि पुढे डॉक्टरांकडचा भारतीय मुलांचा आलेख, दोन्हींवर ठिपका पडलाच पाहिजे.

वजनाचा एक घोळ आहे. सूज असली की वजन फसवतं. अंगात दोन किलो पाणी असलेलं लेकरू काट्यावर धडधाकट दिसतं. म्हणून सूज उतरल्यानंतरचं वजन वहीत वेगळं लिहा, तेच खरं.

उंचीचा दुसरा उपयोग कमी लोकांना ठाऊक असतो. लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनपुढे छापलेली 'नॉर्मल' मर्यादा बऱ्याचदा मोठ्या माणसांची असते. मुलांची किडनी किती टक्के चालते याचा अंदाज घ्यायला उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागतात. १०० सेंटिमीटर उंचीच्या लेकराचं क्रिएटिनिन १.२ असेल तर उत्तर ३४ येतं, म्हणजे आजार पाचपैकी तिसऱ्या टप्प्यात. त्याच रिपोर्टवर लॅबवाल्यानं कदाचित लाल खूणसुद्धा केलेली नसेल.

मेळघाटासारख्या भागात हा मुद्दा फार मोलाचा आहे. खुजं, रोडकं लेकरू दिसलं की 'कुपोषित' हा शिक्का बसतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण आहार सुरू करूनही वजन हलत नसेल, लेकरू रात्री उठून उठून पाणी पीत असेल, खूप लघवी करत असेल किंवा लघवीची धार बारीक असेल, तर लघवी, क्रिएटिनिन आणि बीपी तपासायला सांगा. आशाताई आणि अंगणवाडीताईंनी हे लक्षात ठेवलं तर काही मुलं वर्षभर आधी सापडतील.

दुसरं काम: वहीच्या पुठ्ठ्यावर सहा आकडे

पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट (रक्तात आम्ल साठलंय का ते सांगणारा आकडा), हिमोग्लोबिन, बीपी आणि दिवसभरातली लघवी. प्रत्येक तपासणीनंतर हे सहा तारखेसह लिहून ठेवा. पथ्य यांच्यावर ठरतं. पोटॅशियम नीट असताना केळं तोडण्याचं कारण नाही, आणि फॉस्फरस नीट असताना दूध तोडण्याचंही नाही. रिपोर्ट बदलला की ताट बदलतं, म्हणून कुठलाही आहाराचा कागद सहा महिन्यांहून जुना झाला की तो नव्यानं लिहून घ्या.

पोटॅशियम एकदम वाढलेलं आलं तर आधी डॉक्टरांना लगेच दाखवा, आणि रक्त घेताना लेकरू फार झटापट करत होतं का तेही सांगा. लहान मुलाच्या बारीक नसेतून जोर लावून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि आकडा खोटा चढतो. तो खोटा की खरा हे डॉक्टर ठरवतील.

तिसरं काम: कॅलरी, म्हणजे तेल, तूप, साखर

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

कॅलरी कमी पडल्या की शरीर खाल्लेलं प्रोटीन जाळून काम भागवतं. वाढीला काही उरत नाही आणि जाळलेल्या प्रोटीनचा कचरा उलट किडनीवर पडतो. त्यामुळे कॅलरी निरोगी मुलाइतक्याच लागतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३५०, सात ते नऊच्या मुलाला १७००. लेकराचं पोट मुठीएवढं आणि भूक चिमटीएवढी. मग थोड्या घासांत जास्त भरायचं, दुसरा मार्ग नाही.

एक चमचा तेल किंवा तूप म्हणजे ४५ कॅलरी. एक चमचा साखर म्हणजे २०. दोन्हींत पोटॅशियम, फॉस्फरस, मीठ जवळजवळ शून्य. किडनीवर ओझं न टाकता ताट जड करणारे हेच दोन पदार्थ आहेत, आणि नेमके हेच 'आजारी माणसाला तेलकट-तुपकट नको' म्हणून घरातून बंद होतात. भातावर दोन चमचे तूप, पोळीला आतून-बाहेरून तूप, भाजीला जास्तीचं तेल. तूप परवडत नसेल तर रोजचं तेल चालतं, कॅलरी तेवढ्याच. लेकराला मधुमेह असेल किंवा नेफ्रोटिकमुळे कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारा.

साबुदाण्याची मोठ्यांच्या आहारात सगळे निंदा करतात, नुसता स्टार्च म्हणून. या लेकरांना नेमका तोच हवा. त्यात प्रोटीन, पोटॅशियम, फॉस्फरस फार कमी, कॅलरी भरपूर. फक्त खिचडीत दाण्याचं कूट आणि आलू घालू नका, रिपोर्टमध्ये पोटॅशियम किंवा फॉस्फरस वाढलेलं असेल तर नक्कीच नाही. तूप-जिऱ्याची फोडणी, वरून चिमूटभर साखर, झालं. अरारुटाची पातळ खीर रात्री झोपताना चांगली उतरते.

गोडाला गूळ की साखर? आपल्याकडे गूळ पौष्टिक मानतात आणि तो आहेही, पण त्यात पोटॅशियम असतं. पोटॅशियम वाढलेल्या लेकराला साखरच द्या. आजीला हे पटवणं सोपं नाही, मला आजही जमतंच असं नाही.

तिसऱ्या टप्प्यातला, पोटॅशियम-फॉस्फरस अजून ताब्यात असलेला, सहा वर्षांचा आणि १७ किलोचा मुलगा धरा. सकाळी अर्धा कप म्हशीचं दूध दोन चमचे साखर घालून. नऊ वाजता वाटीभर साबुदाण्याची खिचडी. दुपारी दीड-दोन वाट्या भात, अर्धी वाटी घट्ट वरण, दोन चमचे तूप. शाळेतून आल्यावर तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी. संध्याकाळी तेलावर परतलेले मुरमुरे. रात्री एक तुपाची पोळी, तेलात परतलेलं एक अंडं आणि दोडक्याची किंवा लवकीची भाजी. झोपताना थोडी साबुदाण्याची खीर. सगळं मिळून १३५० च्या आसपास कॅलरी आणि २२ ते २४ ग्रॅम प्रोटीन. यात बाजारातून वेगळी आणावी अशी एकही वस्तू नाही.

खाणं सहा-सात वेळा थोडं थोडं असू द्या. सकाळी मळमळत असेल तर सकाळच्या खाण्याचा आग्रह सोडा आणि संध्याकाळी भरून काढा. ताटासमोर रडारड झाली की पुढचा घासही जातो. आणि तपासणीचा दिवस हा महिन्यातला सगळ्यात उपाशी दिवस असतो. सकाळी सहाची एसटी, सेवाग्राम किंवा नागपूरची रांग, परतायला रात्र. या तपासण्यांना बहुधा उपाशी राहावं लागत नाही, एकदा विचारून घ्या आणि शिदोरी बांधूनच निघा. नाहीतर स्टँडवरचा आलुबोंडा ठरलेला.

प्रोटीन तोडू नका

मोठ्यांना प्रोटीन कमी करायला सांगतात, मुलांना वयाच्या गरजेखाली कधीच नेत नाहीत. भारतीय शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांना दिवसाला १६ ग्रॅम, सात ते नऊला २३ ग्रॅम. तिसऱ्या टप्प्यात याहून थोडं जास्त चालतं, डायलिसिस सुरू झाल्यावर तर वाढवावंच लागतं, कारण त्यात प्रोटीन धुऊन जातं. उगाच दुप्पट-तिप्पट मात्र नको, आणि डब्यातली प्रोटीन पावडर विचारल्याशिवाय नको. तिच्यात पोटॅशियम आणि फॉस्फरसही भरलेलं असतं.

एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. फॉस्फरस वाढला असेल तर पिवळा बलक काढून दोन अंड्यांचं पांढरं द्या, त्यात फॉस्फरस नावालाच असतो. माळकरी घरात दूध-दही आणि डाळ यांवर भागवावं लागतं, तेही जमतं, मात्र भात-वरण किंवा पोळी-वरण एकत्र खाल्लेलं बरं.

आता डाळीच्या पाण्याबद्दल. आजारी लेकराला वरणावरचं पाणी पाजणं ही आपल्याकडची पिढीजात रीत. त्या पाण्यात प्रोटीन फारसं नसतं, कॅलरी नसतात, डाळीतून सुटलेलं पोटॅशियम मात्र असतं. म्हणजे नको ते वाटीत आणि हवं ते गंजाच्या तळाशी. घट्ट डाळ द्या.

मीठ आणि पाणी: दोन जातीची लेकरं

बीपी वाढलेलं किंवा अंगावर सूज असलेलं लेकरू पहिल्या जातीचं. त्याला मीठ कमी. भाजीतल्या मिठापेक्षा पापड, लोणचं, खारोड्या, ठेचा, फरसाण आणि पाच रुपयांची पाकिटं आधी थांबवा. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच असतं.

दुसऱ्या जातीचं लेकरू भरपूर लघवी करतं आणि लघवीतून मीठ घालवतं. जन्मजात दोष असलेली बरीच मुलं अशी असतात. यांना मीठ तोडलं तर वाढ थांबते, अंग सुकतं. काहींना तर डॉक्टर वरून मीठ द्यायला सांगतात. ही मुलं स्वतःहून मीठ चाटतात, लोणच्याच्या बरणीकडे धावतात, आणि घरचे त्यांना रागावतात. तुमचं लेकरू कोणत्या जातीचं, हे डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत विचारा आणि वहीवर लिहून घ्या.

बीपीसाठी बाजारात मिळणारं 'कमी सोडियम' मीठ कोणत्याच लेकराला देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधव घेऊनही फायदा नाही, तेही मीठच.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट. तिथे मीठ न घालताही मीठ पोटात जातं, म्हणून पहिल्या जातीच्या लेकराला नळयोजनेचं गोडं किंवा आरओचं पाणी द्या. यवतमाळ, चंद्रपूरच्या ज्या गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे तिथेही तेच. फ्लोराइड बाहेर टाकायचं काम किडनीचं, ती अशक्त असेल तर ते हाडांत साठतं.

पाण्याचंही असंच. सूज आणि कमी लघवी असेल तर डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतील. खूप लघवी करणाऱ्या लेकराला पाणी मोजणं घातक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात अशा लेकराचं पाणी एक दुपार चुकलं तरी क्रिएटिनिन उडी मारतं. शाळेत बाटली, रात्री उशाशी तांब्या.

पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढले तरच

एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, ग्लासभर नारळपाण्यातही तेवढंच. 'उन्हाळी लागली' म्हणून किडनीच्या लेकराला नारळपाणी पाजलं जातं, ते रिपोर्ट बघितल्याशिवाय करू नका. संत्र्याच्या हंगामात वरूड-मोर्शीकडच्या लेकराला संत्र्यापासून तोडणं मला स्वतःला जड जातं, म्हणून पोटॅशियम थोडंच वाढलेलं असेल तर चार फोडी देऊ देते, रस मात्र कधीच नाही. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात. सफरचंद, नाशपती, अननस यांत पोटॅशियम कमी. कमरख मात्र कायमचं बंद, किडनीच्या रुग्णात ते मेंदूवर विषासारखं काम करतं.

आलू, टमाटर, पालक, शेवग्याचा पाला यांत पोटॅशियम भरपूर. भाजी सोलून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणी द्या. नुसतं भिजत ठेवण्यापेक्षा उकळून पाणी फेकलेलं जास्त उपयोगी. डाळही भिजवून पाणी बदलून शिजवा. कुकरमध्ये भाजी थेट शिजवली की सगळं रश्श्यात राहतं. लवकी, दोडके, पानकोबी यांचा त्रास कमी. जेवण तेच असूनही पोटॅशियम चढत असेल तर बद्धकोष्ठ, वाढलेलं आम्ल किंवा बीपीची गोळी यांपैकी काही कारण आहे का ते विचारा.

फॉस्फरसचं थोडक्यात: डाळी-धान्यातला फॉस्फरस अर्ध्याहून कमी अंगात शिरतो, तर कारखान्यात घातलेला जवळजवळ सगळा. म्हणून काळं कोल्ड्रिंक, पाकिटातल्या नूडल्स, चीजचे तुकडे आधी बंद करा, आणि दूध कमी करायचं ते त्यानंतर. भाकरीऐवजी भात दिला तरी फरक पडतो, ज्वारीत तांदळापेक्षा फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही जास्त.

जेवणाशी बांधलेली औषधं

कॅल्शियमची गोळी फॉस्फरस पकडण्यासाठी दिली असेल तर ती जेवणाच्या घासांबरोबरच, चावून. सकाळी अनशापोटी घेतली तर पकडायला पोटात फॉस्फरसच नसतो. लोहाचं औषध तिच्यापासून दोन तास लांब ठेवा. सोड्याची गोळी रक्तातलं आम्ल मारते, बायकार्बोनेट २२ च्या वर ठेवायचं असतं. ढेकर येतात म्हणून ही गोळी घरोघरी बंद पडते, आणि माझ्या अनुभवात अडलेली उंची पुन्हा सरकायला सगळ्यात स्वस्त औषध तेच. अंगदुखी-तापासाठी मेडिकलवाल्याकडून मिळणारी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आणि गावातले काढे-भस्म किडनीला मारतात.

दोन वर्षांखालचं बाळ

मोठेपणीच्या उंचीपैकी जवळजवळ अर्धी दोन वर्षांपर्यंत झालेली असते, म्हणून इथे गमावलेलं पुढे भरून काढणं अवघड. आईचं दूध सर्वांत चांगलं. त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस गाई-म्हशीच्या दुधापेक्षा खूप कमी. बाळ ओढत नसेल, सारखं ओकत असेल, वजन थांबलं असेल, तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सुचवतात. "नळी लावली म्हणजे आता संपलं," असं गावात बोलतात. नळी शेवटची पायरी नव्हे, ती वाढीसाठी आहे. तोंडानं चाटवणं-भरवणं सोबत चालूच ठेवायचं, म्हणजे बाळ खायला विसरत नाही.

एवढं सगळं जाग्यावर आलं, आम्ल आणि हाडं ताब्यात आली, तरी उंची वर्षभर अडलेली असेल तर वाढीच्या हार्मोनचं रोजचं इंजेक्शन हा पर्याय असतो. ते महाग आहे आणि हाडांची टोकं जुळायच्या आधीच त्याचा उपयोग. सरकारी आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

जुलाब-उलटीचा दिवस

फाईलच्या पहिल्या पानावर हे आधीच लिहून घ्या: जुलाब लागले तर ओआरएस किती द्यायचं (त्यात पोटॅशियम असतं), बीपीची गोळी त्या दिवशी थांबवायची का, कोणाला फोन करायचा. रात्री अकराला गावात हे विचारायला कोणी सापडत नाही. लघवी एकदम कमी झाली, लेकरू गळून गेलं, हातपाय उचलेना, श्वास जोरात चालू लागला किंवा झटका आला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. गाडीत बसताना वही सोबत घ्या, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की लेकराला किडनीचा आजार आहे.